पाचशे वर्षं बंदराविना: स्कागेनबद्दल वाचकांचे प्रश्न

डेन्मार्कचा जटलंड प्रदेश उत्तरेकडे निमुळता होत जातो आणि शेवटी वाळूचा एक लांब दांडा समुद्रात शिरतो. त्या दांड्यावर स्कागेन वसलं आहे. पश्चिमेला स्कागेराक आणि पूर्वेला कॅटेगॅट हे समुद्र. १४१३ साली राजा एरिकने या गावाला नगराची सनद दिली, बंदर मात्र १९०७ मध्ये झालं. या सदरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कागेनला जमलेल्या चित्रकारांचा उल्लेख आल्यापासून वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतला चित्रांबद्दलचा भाग बाजूला ठेवून गाव, बोटी, जाळी आणि मासळी यांबद्दलच्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

मासेमारीवर जगणाऱ्या गावाने इतकी शतकं बंदर का बांधलं नाही? पैसे नव्हते का? (रत्नागिरी)

पैसे नव्हते हे खरं, पण पैसे असते तरी जुन्या काळात बंदर टिकलं नसतं. कारण वाळू. स्कागेराकच्या किनाऱ्यावर लाटा तिरक्या येतात आणि वाळू ढकलत टोकाकडे नेतात. गेल्या सुमारे सात हजार वर्षांत या वाहत्या वाळूनेच जवळपास तीस किलोमीटर लांबीचा हा दांडा तयार केला. अशा किनाऱ्यावर धक्का बांधला की वाळू त्याच्या एका बाजूला साचत जाते, मग टोकाला वळसा घालून बंदराच्या तोंडातच येऊन बसते.

कोकणात जिथे बंदर तिथे बहुधा खाडी असते, किंवा निदान खडकाचा आडोसा तरी. स्कागेनला यातलं काहीच नाही. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाही. मुंबईत उधाणाला पाणी साधारण चार मीटर चढतं आणि उतरतं. स्कागेनला हा फरक जेमतेम एक फूट. तिथे पाण्याची पातळी भरतीपेक्षा वाऱ्यावर हलते. त्यामुळे ओहोटीत होडी कोरडी ठेवायची आणि भरती आली की तरंगवायची, हा आपला साधा मार्ग तिथे बंदच होता. होडी वर घ्यायची किंवा पाण्यात लोटायची ती अंगाच्या जोरावर.

चित्र पालटलं ते रेल्वेमुळे. १८९० मध्ये फ्रेडरिक्सहाउनहून स्कागेनपर्यंत रेल्वे आली आणि ताजी मासळी बर्फात घालून लांबच्या बाजारात पाठवणं शक्य झालं. बाजार जवळ आला, पण किनाऱ्यावर ओढता येईल एवढ्या लहान होडीत माल मावेना. मोठी, डेक असलेली बोट हवी तर बंदर हवंच. १९०४ ते १९०७ या काळात ते बांधलं गेलं, आणि तेही कॅटेगॅटच्या बाजूला, जिथे पश्चिमेचे वारे दांड्यामुळे अडतात. आत खोदत न जाता दोन मोठे लाटरोधक बांध समुद्रात पुढे काढले आणि त्यांच्या कुशीत पाणी शांत केलं. उद्घाटन झालं २० नोव्हेंबर १९०७ ला. धक्क्यावरची लाल मासळी-गोदामं टॉरवाल बिंदेसबोल या वास्तुरचनाकाराची. आजही ती वापरात आहेत, फक्त पुष्कळ ठिकाणी आता मासळी शिजवून ताटात वाढली जाते.

मग बंदर नसताना बोटी किनाऱ्याला कशा लावत? (अलिबाग)

किनाऱ्यापासून काही अंतरावर, किनाऱ्याला समांतर, पाण्याखाली वाळूचे दोन-तीन बांध असतात. लाट पहिल्यांदा फुटते ती बाहेरच्या बांधावर. परतणारी होडी तिथे बांधाच्या बाहेर थांबते. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही मोठ्या लाटांचा गट येऊन जातो, मग थोडी उसंत मिळते. ती उसंत दिसली की सगळ्यांनी मिळून वल्ही मारायची आणि एका लाटेच्या पाठीमागे राहून आत शिरायचं.

लाटेच्या पुढे पळायचं नाही, सगळा धोका त्यातच आहे. लाट मागून आली की होडीचा मागचा भाग उचलला जातो, पुढचा खाली दबतो, वल्ह्याला पाणी लागत नाही आणि होडी आडवी फिरते. आडव्या होडीला पुढची लाट उलटी करते. म्हणून मागच्या माणसाचं सगळं लक्ष होडी लाटेशी काटकोनात ठेवण्याकडे. आतल्या बांधावर हाच प्रकार पुन्हा. किनारा इतका जवळ आला की माणसं घाई करतात, आणि चुका होतात त्या तिथे.

वाळूला लागताच दोघे-तिघे उडी मारून होडी धरतात, पुढची लाट तिला थोडी वर सरकवते, खाली लाकडी रूळ घालतात आणि दोराने ओढत होडी उधाणाच्या रेषेच्या वर नेतात. स्कागेनकरांना एक सोय होती: किनारे दोन. पश्चिमेचा वारा जोरात असला तर कॅटेगॅटच्या बाजूला पाणी त्या मानाने शांत.

होडीची बांधणीही या कामासाठीच. फळ्यांच्या कडा एकमेकींवर चढवून खिळ्यांनी जोडलेल्या असतात. अशी होडी हलकी होते आणि वाळूवर आदळली तर चिरफाळण्याऐवजी थोडी लवते. उत्तर युरोपातल्या या बांधणीची परंपरा २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. हे काम चालू असताना पाहायचं असेल तर मात्र स्कागेनला न जाता याच किनाऱ्यावर नैऋत्येला असलेल्या टोरुपस्ट्रांड गावी जावं. तिथे अजून बंदर नाही, बोटी अजून वाळूवर उभ्या असतात. माणसांच्या जागी आता विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र), तारेचा दोर आणि बुलडोझर आले आहेत.

पेडर क्रोयर यांच्या १८८३ च्या चित्रात संध्याकाळच्या उन्हात किनाऱ्यावर दोर ओढणारे मच्छीमार आहेत. ही आपली रापणच ना? (मालवण)

हो, किनाऱ्यावरून ओढायच्या या जाळ्याचं तत्त्व तेच. मधोमध खोळ, दोन्ही बाजूंना लांब हात, हातांच्या टोकांना दोर. वरच्या काठाला तरंगणारे बोये, खालच्या काठाला वजनं. एका दोराचं टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती देऊन होडी निघते, जाळं सोडत अर्धवर्तुळ घालते आणि दुसरं टोक घेऊन थोड्या अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी ओढायला सुरुवात होते.

फरक आहे तो मासळीत. रापणीत आपल्याकडे बहुतेक वेळा तारली, बांगड्याचा थवा हेरून घेरतात. स्कागेनला मुख्य मासळी चपटी: प्लेस, डॅब, फ्लाउंडर. आपली लेपी ज्या प्रकारची, त्याच प्रकारची. हे मासे वाळूत अंग पुरून बसतात, थवा वरून दिसत नाही. त्यामुळे जाळ्याचा खालचा काठ तळाला घासत यायला हवा. वजन कमी पडलं तर काठ उचलला जातो आणि मासा खालून निसटतो. वजन जास्त झालं तर काठ वाळूत रुततो, खोळ वाळूने भरते आणि दहा माणसं ओढूनही जाळं हलत नाही.

ओढणारी माणसं हाताने दोर धरून दमत नाहीत, खांद्यावरून छातीवर आडवा पट्टा घेतात, त्याचं टोक दोराला अडकवतात आणि अंगाचा भार टाकून चालतात. वर पोचलेला माणूस पट्टा सोडून परत पाण्याकडे जातो आणि पुढच्या जागी अडकवतो, त्यामुळे ओढ कधी तुटत नाही. दोन्ही बाजूंची चाल सारखी राहिली पाहिजे. एक बाजू पुढे गेली की खोळ तिरकी होते आणि मासे मागे राहिलेल्या हाताच्या कडेने बाहेर पडतात. शेवटच्या टप्प्यात दोन्ही गट एकमेकांजवळ सरकतात आणि खालचा काठ आधी, वरचा नंतर, असं जाळं वाळूवर घेतात. मिळकत हिश्श्यांनी वाटली जायची, जाळं आणि होडी यांचाही वाटा असायचा. मालवणच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘डॅनिश सेन’ नावाच्या जाळ्याबद्दल ऐकलं. ते रापणीतूनच निघालं का? (मुंबई)

त्याच घराण्यातलं आहे, पण किनारा सोडलेलं. १८४८ मध्ये लिमफ्योर्ड या जटलंडमधल्या खाडीत येन्स लौर्सन वेवर या मच्छीमाराने ही पद्धत काढली. जाळं जमिनीकडे ओढण्याऐवजी त्याने नांगरलेल्या होडीकडे ओढलं. ही साधी कल्पना डेन्मार्कच्या मासेमारीतला सर्वांत मोठा बदल ठरली, असं आमचं मत आहे. ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आधी नांगर टाकून त्यावर बोया ठेवतात. बोयाला पहिल्या दोराचं टोक बांधायचं आणि दोर सोडत तिरकं निघायचं. पुरेसा दोर गेला की वळून जाळं सोडायचं, मग पुन्हा वळून दुसरा दोर सोडत बोयापाशी परत यायचं. तळावर दोरांचा एक मोठा त्रिकोण पसरतो, त्याच्या लांबच्या बाजूला जाळं. दोराची एक गुंडाळी १२० फॅदमची, म्हणजे सुमारे २२० मीटरची, आणि दोन्ही बाजूंना अशा अनेक गुंडाळ्या जोडलेल्या. आता बोट नांगरावर बांधून दोन्ही दोर विंचने एकाच वेगाने ओढायचे.

मासे पकडण्याचं बरंचसं काम इथे दोरच करतो. जाड, जड दोर तळावरून सरकताना गाळाची रेघ उठवतो. चपटा मासा त्या रेघेपासून थोडा पुढे पळतो आणि पुन्हा बसतो. दोर जवळ आला की पुन्हा पळतो. असं करत करत तो जाळ्याच्या वाटेवर येतो. म्हणून सुरुवातीला ओढ अगदी सावकाश ठेवतात. घाई केली तर दोर तळावरून उचलला जातो आणि माशाच्या वरून निघून जातो. दोन्ही दोर समांतर आले की मग वेग वाढवायचा, कारण आता मासा जाळ्याच्या तोंडासमोर असतो.

ही पद्धत उजेडातच चालते, कारण मासा दोर पाहून हलतो. तळ सपाट, वाळूचा किंवा मऊ हवा. एखादा दगड लागला आणि एक दोर अडकला की दुसरी बाजू पुढे जाते, जाळं तिरकं होऊन मिटतं आणि सगळा फेरा फुकट जातो. जुने लोक दोरावर हात ठेवून त्याच्या थरथरीवरून तळ ओळखत. विंचवर ताण दाखवणारं यंत्र आलं ते पुष्कळ नंतर.

स्कागेनला या पद्धतीचा खरा फायदा बंदर झाल्यावर मिळाला. बंदर, इंजिनाची डेक असलेली बोट आणि हे जाळं या तिन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या आरंभी एकत्र आल्या. त्या वेळची इंजिनं ‘हॉट बल्ब’ जातीची. सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलँपने दहा-पंधरा मिनिटं तापवायचा, मग चाक फिरवायचं. गोळा पुरेसा तापला नसेल तर इंजिन उचलत नाही, आणि कधी कधी उलटंच फिरू लागतं. पण एकदा चालू झालं की ते कसल्याही तेलावर चालतं आणि दुरुस्तीही लोहाराच्या भात्यावर होते. मच्छीमारांनी ते पसंत केलं ते यामुळे.

वाळूत गाडलेलं चर्च खरंच आहे? गाव पण गाडलं गेलं का? (नाशिक)

चर्च आहे, म्हणजे त्याचा मनोरा आहे. चौदाव्या शतकातलं हे संत लॉरेन्सचं चर्च, खलाशांच्या संरक्षक संताच्या नावाचं. आजूबाजूच्या टेकड्यांवरचं गवत जनावरांनी खाल्लं आणि माणसांनी जळणासाठी, छपरासाठी कापलं, तसतशी वाळू सुटली. राजा तिसऱ्या क्रिस्तियानने १५३९ मध्येच हे गवत तोडण्यावर बंदी घातली होती. पण ज्या घरात दुसरं जळण नाही तिथे असा कायदा पाळला जाणं कठीणच. १७७५ च्या सुमारास प्रार्थनेला येणाऱ्यांना आधी दारासमोरची वाळू उपसावी लागे. १७९५ मध्ये चर्च बंद करण्यात आलं, १८१० मध्ये इमारत पाडून सामान विकलं. मनोरा ठेवला, कारण समुद्रावरून खूण म्हणून तो कामाचा होता. पांढरा रंग त्यासाठीच.

वाळू थांबवली ती मॅरम गवताने. या गवताची खुबी अशी की अंगावर वाळू पडली की ते वर वाढतं आणि नव्या थरात मुळं सोडतं. स्थिर जागी उलट ते मरगळतं. त्याचे जुडगे हाताने, ओळींत, वाऱ्याला आडवे लावतात. मोठा भाग पकडला गेल्यावर त्यात पाइनची झाडं लावतात. एका ओळीत खंड राहिला की वारा तिथेच घुसून वाळू पोखरतो आणि दोन्ही बाजूंची रोपं उघडी पडतात, म्हणून लागवडीइतकीच देखरेख महत्त्वाची.

एक टेकडी मुद्दाम मोकळी सोडली आहे: रॉब्येर्ग मीले. सुमारे चाळीस मीटर उंच, एक चौरस किलोमीटर पसरलेली, आणि वर्षाला अठरा मीटरपर्यंत ईशान्येकडे सरकणारी. वाळूने पूर्वी काय केलं ते समजून घ्यायला मनोऱ्यापेक्षा ही टेकडी जास्त उपयोगी पडते.

जहाजं फुटत तेव्हा किनाऱ्यावरून माणसं कशी वाचवत? (पुणे)

डेन्मार्कची सरकारी बचाव सेवा १८५२ च्या कायद्याने सुरू झाली आणि स्कागेनच्या टोकाला ती सर्वांत जास्त लागली. जहाज बाहेरच्या बांधावर आपटून अडकायचं. किनारा डोळ्यांसमोर, पण मधलं पाणी पोहण्यासारखं नाही. उपाय दोन. एक, वल्ह्यांची बचाव बोट घोड्यांच्या गाड्यावर घालून जवळच्या जागेवरून लोटायची. दुसरा, रॉकेट.

रॉकेटला बारीक दोरी जोडलेली असते. ही दोरी पेटीत खुंट्यांवर नागमोडी घातलेली. डागण्याआधी खुंट्या काढून घेतात, म्हणजे ती गुंता न होता सरसर निघते. वाऱ्याचा अंदाज घेऊन नेम जहाजाच्या वाऱ्याकडच्या बाजूला धरायचा, म्हणजे दोरी वाहत जहाजावर पडते. जहाजावरचे लोक ती ओढतात, तिच्या टोकाला कप्पी येते. कप्पीतून एक अखंड फिरता दोर गेलेला असतो, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर. कप्पी डोलकाठीला शक्य तितकी वर बांधायची आणि खूण करायची. मग किनाऱ्यावरची माणसं त्या फिरत्या दोराने जाड दोरखंड पाठवतात, तो कप्पीच्या दोनेक फूट वर बांधायचा. दोरखंडावर लटकवलेल्या तरंगत्या कड्याला कापडी चड्डीसारखी बैठक असते. तीत एकेक माणूस बसतो आणि किनाऱ्यावरून ओढला जातो.

चुका ठरलेल्या. परदेशी खलाशांना काय करायचं ते कळत नसे, म्हणून कप्पीबरोबर वेगवेगळ्या भाषांत सूचना लिहिलेली पाटी पाठवत. दोरखंड कप्पीच्या खाली बांधला तर दोन्ही दोर एकमेकांत गुंततात. आणि दोरखंड किनाऱ्यावर घट्ट बांधून टाकला तर जहाज कलंडताच तो तुटतो. त्यासाठी किनाऱ्याचं टोक पक्कं न बांधता कप्प्यांच्या ताणावर माणसांच्या हाती ठेवायचं, जहाज बाहेर झुकलं की सैल, आत आलं की ताठ.

बोटीचा मार्ग जास्त धोक्याचा. २७ डिसेंबर १८६२ रोजी ‘दाफ्ने’ हे स्वीडिश जहाज अडकलं, त्याच्याकडे निघालेली बचाव बोट उलटली आणि स्कागेनचे आठ जण बुडाले. लहान गावातली आठ कर्ती माणसं एका दिवसात गेली. त्यानंतरही पुढच्या जहाजाला माणसं निघालीच. स्कागेनच्या चित्रांत दिसणाऱ्या त्या दणकट मच्छीमारांकडे पाहताना हे माहीत असावं, असं आम्हांला मनापासून वाटतं. त्या चित्रकारांपैकी मायकेल आंकर १८७४ मध्ये गावात आले तेव्हा ही घटना केवळ बारा वर्षांची जुनी होती.

स्कागेनला मासे सुकवत असत असं वाचलं. तशी लेपी घरी सुकवता येईल का? (वेंगुर्ले)

येईल. डॅब किंवा लहान प्लेस घेत. पोट साफ करून, रक्ताची रेघ नखाने खरवडून, समुद्राच्या पाण्यात धुवायचं. मग रात्रभर मिठवणीत. दुसऱ्या दिवशी निथळून, शेपट्या जोडीने बांधून दोरीवर वाऱ्यात टांगायचे. हंगाम वसंत ऋतूचा: वारा कोरडा, ऊन सौम्य आणि माश्या अजून आलेल्या नसतात. आणखी दक्षिणेला एस्ब्येर्गच्या बाजूला असाच मासा सुकवून थोडा धुरीही देतात आणि लोण्यात परतून राईच्या काळ्या पावाबरोबर खातात.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी धरा. एक लिटर पाण्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम जाडं मीठ, मासा बोटभर जाड असेल तर आठ-दहा तास. कोकणात हवा दमट, त्यामुळे मीठ यापेक्षा कमी करू नका. पहिला दिवस सावलीत, वाऱ्यावर, मच्छरदाणीच्या कापडाखाली ठेवा. थेट कडक उन्हात टांगलं तर वरची साल लगेच आवळते, आत ओल अडकते आणि काट्याजवळ मासा कुजतो. तीन-चार दिवसांनी काट्यालगतचा सर्वांत जाड भाग दाबून पाहा. बोटाचा ठसा राहिला तर अजून वाळायचा आहे. चिकटपणा किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या, तळून तो दोष जात नाही.

तिथली सगळी घरं पिवळी का? (सोलापूर)

चुन्यात पिवळी माती, म्हणजे ओकर, मिसळून दिलेला रंग आहे. लाल कौलं आणि कौलांच्या कडेला पांढऱ्या चुन्याची रेघ. या चुन्याने कौलं घट्ट बसतात आणि वाऱ्याने उडणारी वाळू, बर्फ आत शिरत नाही. आधीची गरिबांची घरं अशी नव्हती. ती फुटलेल्या जहाजांच्या फळ्यांची आणि डांबर फासलेली. तशा चुन्याचा हात द्यायचा असेल तर एक भाग मुरवलेल्या चुन्याला पाचेक भाग पाणी, आणि एका जाड हाताऐवजी चार-पाच पातळ हात, भिंत ओली करून, ऊन नसताना. जाड हाताचे पापुद्रे सुटतात.

स्कागेन आजही मासेमारीचं गाव आहे की फक्त पर्यटनाचं? (नागपूर)

उन्हाळ्यात पर्यटक इतके असतात की तसा समज होतो. पण डेन्मार्कच्या सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांत स्कागेन आजही आहे. हेरिंग, मॅकरेल, ब्लू व्हायटिंग हे थव्याने फिरणारे मासे मोठ्या जहाजांतून येतात. जहाजाच्या टाक्यांत शून्याच्या किंचित खाली थंड केलेलं समुद्राचं पाणी असतं, त्यात मासे ठेवून आणतात आणि बंदरात पंपाने उपसतात. हात लागत नाही. लहान बोटी स्कागेराक आणि कॅटेगॅटच्या चिखलातून नॉर्वे लॉबस्टर आणतात. तो लिलावात जातो.

बंदरातला मोठा उद्योग फिशमीलचा, म्हणजे माशांच्या पिठाचा. सँडईल, स्प्रॅट यांसारखे छोटे तेलकट मासे नव्वद अंशांच्या आसपास शिजवतात, म्हणजे प्रथिनं गोठतात आणि तेल सुटतं. मग मळसूत्री दाबयंत्रात पिळून घन भाग वेगळा. उरलेल्या पाण्यातून तेल काढतात आणि ते पाणी आटवून पुन्हा घन भागात मिसळतात, कारण विरघळलेली प्रथिनं त्यातच असतात. शेवटी ओलावा दहा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवून दळतात. साधारण पाच टन माशांचं एक टन पीठ. जास्त तापवलं तर प्रथिनं करपतात आणि खाद्याचा दर्जा पडतो. ओल राहिली तर बुरशी. आणि तेलाचा अंश हवेशी संयोग पावून ढीग आतून तापू लागतो, कधी पेटही घेतो, म्हणून ते रोखणारं द्रव्य मिसळतात. मासा शिळा असेल तर यातलं काहीच नीट होत नाही. तेल आंबतं आणि वास सुटतो. हे बहुतेक पीठ मत्स्यशेतीच्या खाद्यात जातं.

कोट्यामुळे तिथले लहान मच्छीमार संपले, हे खरं का? आमच्याकडे पर्ससीनवरून (थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवरून) वाद चालूच असतो. (देवगड)

संपले नाहीत, कमी झाले. प्लेस, कॉड अशा तळाच्या मासळीचा कोटा, म्हणजे पकडीची ठरवून दिलेली मर्यादा, २००७ पासून बोटीच्या नावावर हिस्सा म्हणून दिला गेला. हिस्सा ठरला मागच्या काही वर्षांच्या पकडीवरून, आणि तो विकता येऊ लागला. निवृत्त होणारा मालक बोट आणि कोटा चांगल्या भावाला विकतो, घेणारा बहुधा मोठा असतो, आणि कोटा दुसऱ्या बंदरात जातो. गावात बोटी राहिल्या तरी पकडण्याचा हक्क राहत नाही. तरुणाला धंद्यात यायचं तर बोटीपेक्षा कोटाच महाग.

उपाय दोन दिसतात. सरकारने किनारी मासेमारीची वेगळी योजना ठेवली: सतरा मीटरपेक्षा लहान बोटींना जादा हिस्सा, आणि योजनेत आलेला कोटा बाहेर विकण्यावर बंधन. दुसरा उपाय टोरुपस्ट्रांडच्या मच्छीमार कुटुंबांनी २००६ मध्ये केला. त्यांनी सहकारी संघ काढला, कर्ज घेऊन सामाईक कोटा विकत घेतला, आणि तो सभासदांना वापरायला मिळतो. एखादा सभासद धंदा सोडून गेला तरी कोटा गावातच राहतो. आमच्या मते दोन्हींत हा जास्त भक्कम, कारण सरकारी योजनेचे नियम बदलू शकतात. पण कर्जाचा हप्ता मासळी मिळो न मिळो भरावा लागतो, आणि कोट्याचा भाव पडला तर तारण अपुरं पडतं. आपल्याकडे मासळीचा असा कोटाच नाही, त्यामुळे ही व्यवस्था जशीच्या तशी आणता येणार नाही. सामाईक हक्क विकता येऊ नये, एवढी गोष्ट मात्र देवगड-मालवणच्या चर्चेत नक्की घ्यावी.

कोपनहेगनला मुलीकडे जाणार आहोत. स्कागेन कसं आणि किती दिवस? (ठाणे)

रेल्वेने ऑलबॉर्ग, फ्रेडरिक्सहाउन आणि तिथून लहान गाडीने स्कागेन. शेवटचा टप्पा सुमारे चाळीस किलोमीटरचा. एका दिवसात जाऊन येऊ नका, निदान दोन रात्री ठेवा. ग्रेनेन या टोकाला दोन समुद्रांच्या लाटा समोरासमोर येतात. तिथे पाण्यात उभं राहायला हरकत नाही, पण पोहायला मनाई आहे, कारण प्रवाह माणसाला ओढून नेतात. चालवत नसेल तर वाहनतळापासून ट्रॅक्टरने ओढलेली बस टोकापर्यंत जाते. १८५८ चं राखाडी दीपगृह ४६ मीटर उंच आहे, आत जिना आहे. त्याच्या अलीकडे, गावाजवळ, टांगत्या दिव्याची प्रतिकृती बघा: १६२७ मध्ये लांब तुळईच्या टोकाला लोखंडी टोपलीत कोळसा पेटवून ती वर उचलत असत. रॉब्येर्ग मीलेला सायकलने जाता येतं. तिथे वारा असताना कॅमेरा पिशवीतच ठेवा, वाळू लेन्समध्ये शिरते. आणि जूनमध्ये जात असाल तरी वारा अडवणारं जाकीट न्याच.